ब्रांडी कुठं ठेवता?

बाईंच्या क्लासला कुणी नवीन गेलं की त्या नाव विचारायच्या नाहीत, गाव विचारायच्या नाहीत, शिक्षणही विचारायच्या नाहीत. समोरच्या स्टुलावर बसवायच्या, चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या घरी ब्रांडी कुठं ठेवतात?"

मी मूळची चाकूरची, नांदेडला दिलेली. क्लास कसा आहे ते बघायला नवरा माझ्याबरोबर आला होता. दारूला दोन्ही घरांत कुणी हात लावत नाही, हे आमचं लग्न जमवताना दोन्हीकडच्यांनी छाती ठोकून सांगितलेलं. आणि ही म्हातारी ओळख ना पाळख, सरळ हेच विचारून राहिली. मला राग यायला पाहिजे होता, पण तोंडातून खरंच निघून गेलं. म्हटलं, सासूबाईंच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत. नवरा माझ्याकडं बघतच राहिला. आईच्या ट्रंकेत काय आहे ते त्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं.

"बराबर," बाई म्हणाल्या. "बसा. जागा माहीत आहे म्हणजे इंग्रजी येईल."

आता तुम्ही म्हणाल, बाई डोक्यानं जरा इकडच्या तिकडं होत्या काय. तर हो, होत्या. मीही तसंच म्हणायची. नांदेडला जुन्या मोंढ्याच्या पलीकडं एका पिठाच्या गिरणीवरची खोली त्यांनी घेतली होती. खाली गिरणी सुरू झाली की वर बाकं थरथरायची, वह्यांवर पिठाचा थर बसायचा आणि स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यायचं नाही. आम्ही दुसरी खोली बघा म्हणून लई मागं लागलो. त्या म्हणायच्या, परदेशातल्या वॉर्डात काय शांतता असणार आहे का, गिरणीच्या आवाजात ज्याला इंग्रजी ऐकू आलं त्याला कुठंही ऐकू येईल. परदेशी नोकरी पाहिजे म्हणून बोलण्याची परीक्षा द्यायला निघालेल्या आम्ही सगळ्या नर्सा. दिवसपाळी करून दमून यायचो आणि पिठात बसून ओरडायचो.

बाई मुदखेडच्या. लातूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्त झाल्यावर त्या नांदेडला आल्या होत्या. अंगानं वाळकुड्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, साडी सुती, आणि घड्याळ उजव्या हातात. मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. मॅडम तिकडच्या बाईला म्हणा, मला बाई म्हणा, असं त्यांचं असायचं. टेबलावर दोन वस्तू कायम. एक सायकलची घंटी, टेबलाच्या कडेला स्क्रूनं पक्की बसवलेली. दुसरी ब्रांडीची रिकामी बाटली, तिच्यात मनीप्लँट लावलेला. बाटलीवरचं लेबल त्यांनी काढलं नव्हतं. उलट दर आठवड्याला ते ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसायच्या.

घंटी वाजायची ती चुकीला. आमच्या मराठीला 'अ' आणि 'द' लागत नाही, त्यामुळं आम्ही ते गिळायचो. गिळलं की ट्रिंग. 'आय सॉ पेशंट' म्हटलं की ट्रिंग. कुणीतरी एकदा विचारलं, बाई, बरोबर आल्यावर पण वाजवा की कधी. तर म्हणाल्या, शाबासकीला घंटी कशाला, बरोबर बोललेलं ऐकू येतंच. आणि खरंच, त्या घंटीनं कुणाचं कौतुक झालेलं मी तरी पाहिलं नाही.

त्यांचा सगळा क्लास एका शब्दावर चालायचा, ब्रांडीवर. पहिल्यांदा तर उच्चारच बदलायला लावायच्या. घरात असते ती ब्रांडी, इंग्रजीत असते ती ब्रँडी, आणि ह्या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत, जावा आहेत, एका घरात राहतात पण एकमेकींशी बोलत नाहीत, असं त्या सांगायच्या. घरातली ब्रांडी कशाला असते? बाळाच्या छातीला लावायला, बाळंतिणीला चमचाभर द्यायला, पडसं झालं की कोमट पाण्यातून घ्यायला. तिला कुणी दारू म्हणत नाही. दारू ती, जी दुसरीच्या नवऱ्यानं पिलेली असते. इंग्रजीतली ब्रँडी मात्र साफ दारूच. तिकडची म्हातारी माणसंही तिला औषधाचं नाव देतात बरं का, धक्का बसला की घोटभर घेतात, सणाला केकात ओततात, पण ती दारू आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. काहीजण तर मुलीचं नावही ब्रँडी ठेवतात, असं बाईंनी सांगितल्यावर मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, आपल्याकडं मधू नाही का ठेवत. बाई हसल्या. त्या हसल्या की फक्त नाक हलायचं.

मग मुख्य धडा. नुसतं ब्रँडी म्हटलं की ती चीज. 'अ ब्रँडी' म्हटलं की भरलेला ग्लास, समोर ठेवलेला. आणि 'द ब्रँडी' म्हटलं की ती एक बाटली, जिची जागा घरातल्या सगळ्यांना माहीत असते. "ज्या घरात 'द' आहे," बाई म्हणायच्या, "त्या घरात रोज आहे."

'अ ड्रॉप ऑफ ब्रँडी' म्हणजे एक थेंब, असा अर्थ मी एकदा लावला. ट्रिंग. बाई म्हणाल्या, तुमच्या सासूबाई जरा चहा टाक म्हणतात तेव्हा जरासाच टाकता का? मग 'द ऑड ब्रँडी' आलं. ऑड म्हणजे विषम हे मला शाळेपासून पाठ. म्हटलं, विषम ब्रँडी, म्हणजे एक घेतो, तीन घेतो, पाच घेतो, पण दोन आणि चार घेत नाही. अख्खा क्लास खिदळला, खाली गिरणीवाल्यानं वर बघितलं. ते अधूनमधून असतं, असं बाईंनी समजावलं, आणि पुढं म्हणाल्या की अधूनमधून सांगणाऱ्या माणसाचं मधून कमी असतं आणि अधून जास्त, हे मात्र ध्यानात ठेवा.

बाई एकदा एखाद्या गोष्टीच्या मागं लागल्या की ब्रह्मदेव आला तरी सोडायच्या नाहीत. क्लासच्या वाटेवर कपड्याचं एक नवं दुकान झालं. त्यानं मोठ्ठा बोर्ड लावला, इंग्रजीत, 'येथे सर्व प्रकारचे ब्रँडी शर्ट मिळतील' अशा अर्थाचा. त्याला म्हणायचं होतं ब्रँडेड. बाई आत गेल्या, त्याला नीट समजावलं. तो म्हणाला, मॅडम, लोकांना कळून राहिलं ना, खामखा तकलीफ कशाला घेता. झालं. दुसऱ्या दिवसापासून बाई क्लासला येताना त्याच्या दुकानात जायच्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत सांगायच्या, एक क्वार्टर द्या. तो म्हणायचा इथं शर्ट मिळतात. त्या म्हणायच्या, बोर्डावर तर ब्रँडी लिहिलंय, असंल तर द्या, नसंल तर बोर्ड उतरवा. जाताना पुन्हा तेच. लग्नसराईत दुकान भरलेलं, आणि ही साठी ओलांडलेली बाई काउंटरवर क्वार्टर मागून राहिली. शेवटी त्यानं पेंटर बोलावला. पेंटरनं अक्षर चुकू नये म्हणून बाई उन्हात छत्री घेऊन खाली उभ्या राहिल्या. त्या दुकानातून त्यांनी पुढं एक रुमाल घेतला, बस्स.

मी ह्या बाईंकडं का आले ते सांगायचं राहिलं. पहिल्यांदा परीक्षा दिली तेव्हा मला क्लासची गरज वाटली नव्हती. परीक्षा हैदराबादला. त्यात एक माणूस पेशंटचं सोंग घेऊन समोर बसतो आणि आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं असतं. माझा पेशंट घरात पडलेला होता. त्याच्या सवयी विचार, असं कार्डावर होतं. मी विचारलं, तुम्ही पिता का? तो म्हणाला, नाही हो, रात्री फक्त अ ब्रँडी, झोप लागते बरी. माझा जीव भांड्यात पडला. ब्रांडी म्हणजे ओळखीचीच की. मी त्याला हसून म्हणाले, व्हेरी गुड, आणि छातीला पण चोळत जा.

तो माणूस सोंग विसरला. मूठ तोंडावर धरून खोकला काढायला लागला, पण मला कळलं की तो हसतोय. मग माझी जीभ जी टाळूला चिकटली ती वेळ संपेपर्यंत सुटली नाही. नापास झाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते हसूच डोळ्यांपुढं आलं आणि पुन्हा नापास झाले. परदेशातल्या दवाखान्यानं माझी जागा धरून ठेवली होती, पण आता शेवटचं एकदाच थांबू असं कळवलं होतं. नवराही चांगला माणूस, पण त्यानंही सांगितलं की आता ही अखेरची, नाहीतर हा नाद सोड. म्हणून मी गिरणीवरच्या बाईंकडं आले.

माझी ती छातीला चोळायची गोष्ट मी बाईंना लाजत लाजत सांगितली. वाटलं, त्या तरी हसतील. त्यांचं नाकसुद्धा हललं नाही. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं, त्यानं 'अ' म्हटलं होतं का 'द', हे दोनदा विचारलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही तुमच्या घरातलं उत्तर दिलंत. पण ह्यापायी माणूस मरतो." तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं. एका शब्दानं कोण मरतं?

त्याचं उत्तर मिळालं ते देवणीच्या पाहुण्यांमुळं. आमच्यात देवणीची एक मुलगी होती, अबोल, हुशार. तिनं घरी जाऊन बाटलीचा धडा आईला सांगितला असावा. एका दुपारी तिचे वडील क्लासमध्ये येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, डोईला पटका, उभा आडवा भक्कम गडी. देवणी बैलांच्या जोड्यांसाठी त्यांचं घर त्या भागात नावाजलेलं, असं मुलीनंच सांगितलं होतं. त्यांनी एकदा टेबलावरच्या बाटलीकडं बघितलं, एकदा लेकीकडं, आणि तिला म्हणाले, चल, पिशवी उचल.

मग बाईंकडं वळले. आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून मापून. म्हणाले, "माजी लेक नर्स हाय. तिला सुईचं इंग्रजी शिकवा, गोळीचं शिकवा. हे बाटलीचं कशापायी? आमच्या घराला इज्जत हाय." आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. हे पुढं गावभर झालं तर आणखी चारजणींच्या घरचे येतील आणि क्लास बसेल, हे आम्हाला दिसत होतं. बाईंनाही दिसतच असणार. त्यांनी फक्त बाटलीचा धडा सोडते म्हणायचं होतं, विषय मिटला असता. इंग्रजीत शब्दांची काय कमी आहे?

बाईंनी स्टूल पुढं सरकवलं. म्हणाल्या, बसा दादा. नेहमीचा सवाल त्यांना विचारला नाही. म्हणाल्या, मी माझ्या घरचं सांगते, मग लेकीला खुशाल घेऊन जा.

त्यांचे यजमान लातूरला एका कचेरीत होते. सरळ माणूस, विडी नाही, सुपारी नाही. दमा होता. कुणीतरी सांगितलं, कोमट पाण्यातून ब्रांडी घ्या, छाती मोकळी होते. चमचा सुरू झाला. चमच्याचं झाकण झालं, झाकणाचा कप झाला, आणि कपाचा स्टीलचा ग्लास कधी झाला ते कळलंही नाही. ग्लास बाई स्वतः भरून द्यायच्या, गोळी द्यावी तसा. बाटली असायची स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांच्या मागं. घरात दारू येऊ दिली नाही ह्याचा त्यांना अभिमान होता. शेजारच्या घरात भांडण झालं की त्या यजमानांना म्हणायच्या, बघा, दारूपायी काय होतं ते.

एक दिवस यजमान मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं. भरती करताना एका लहानशा नर्सनं कागद पुढं घेऊन विचारलं, दारू पितात का? बाई म्हणाल्या, छे. त्यांना त्या मुलीचा रागच आला होता. पुढच्या दिवसांत यजमानांचे हात कापायला लागले. चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले, मुंग्या नसताना. बाईंना आई म्हणून हाका मारल्या, सलाईन उपटून टाकलं. डॉक्टर डोकं तपासून राहिले, रक्त तपासून राहिले. रोजची दारू एकदम तुटली की शरीर असं उठतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण कागदावर तर 'नाही' असं लिहिलेलं. मग एका डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी विचारलं, घरी रोज काहीच घेत नव्हते का, औषध म्हणून सुद्धा? तेव्हा बाई म्हणाल्या, औषध म्हणून ब्रांडी घ्यायचे. तोवर उशीर झाला होता.

हे सांगताना बाई रडल्या नाहीत. शिकवताना बोलायच्या तशाच बोलत होत्या, फक्त हात घंटीवर ठेवलेला, घट्ट. म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही. त्या पोरीनं चुकीचं विचारलं नाही. तिच्या सवालातला शब्द आमच्या घरात नव्हता, एवढंच झालं. म्हणून मी माझ्या मुलींना पिता का, विचारू देत नाही. कुठं ठेवता, विचारा म्हणते. पिता का म्हटलं की माणसाची अब्रू उत्तर देते. जागा विचारली की त्याचा हातच तिकडं जातो. मी मरायच्या आधी माझ्या एका मुलीनं एका माणसाला हे बराबर विचारावं, मला दुसरं काही नको."

खाली गिरणी तेवढ्यात बंद झाली होती. देवणीचे पाहुणे बाटलीकडं बघत बसले होते, मनीप्लँटच्या पांढऱ्या मुळ्या आत गुंतलेल्या. मग ते म्हणाले, "आमच्याकडं गोठ्यात असती. पेंडीच्या पोत्यामागं. बैलाचं पोट फुगलं की पाजायला."

"बैलाचं पोट किती वेळा फुगतं?" बाईंनी विचारलं.

लेक वडिलांकडं बघत होती. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "बैलाला काय न्हाई होत."

बाईंनी टेबलावरचा तांब्या पुढं केला, पाहुण्यांनी पाणी पिलं. उठताना लेकीला म्हणाले, पिशवी ठेव खाली. आणि बाईंना म्हणाले की दवाखान्यात कुणाला दाखवावं ते लेकीला सांगून ठेवा. पुढच्या आठवड्यात ती मुलगीच त्यांना घेऊन गेली. क्लास बसला नाही, आणि बाटलीचा धडाही सुटला नाही.

त्या दिवसापासून माझं परीक्षेचं भ्याव कमी झालं. कसं सांगू, मला स्वतःची लाज वाटायची बंद झाली. छातीला चोळत जा म्हणणारी मी एकटी येडी नव्हते, लातूरच्या शाळेतली इंग्रजीची बाईही त्याच शब्दाला फसली होती. फरक इतकाच की मला त्यात फक्त परीक्षा गेली. मग मी इरेला पेटले. ड्युटीवरून आले की बाईंपुढं बसायची. बाई पेशंट व्हायच्या, कधी कण्हणाऱ्या, कधी बहिऱ्या, कधी माजोरड्या, आणि घरातली बाटली कुठल्याही वाक्यात लपवायच्या. मी ती शोधायची. सापडली नाही की ट्रिंग. घरी भाकऱ्या थापताना मी 'अ' आणि 'द' पुटपुटायची तेव्हा सासूबाईंना वाटलं मी काही मंत्र धरलाय. त्या शेजारणीला म्हणाल्या, सून लई धार्मिक झाली.

तिसऱ्यांदा हैदराबादला गेले. खरं सांगते, मनातून मला वाटत होतं की ब्रँडी येईल आणि मी तिला बरोबर पकडेन. आलं काय, तर मुलाला दमा असलेली एक आई आणि पायाची जखम न भरणारा एक साखरेचा पेशंट. ब्रँडीचं नावही नाही. पण मी ऐकत होते. गिरणीच्या आवाजात ऐकायची सवय झालेले कान, त्यांना ती शांत खोली म्हणजे चैन होती. साखरेच्या पेशंटला मी गोड खाता का असं विचारलंच नाही. बिस्किटांचा डबा कुठं असतो, विचारलं. तो म्हणाला, पलंगाशेजारी. पुढचं सगळं सोपं गेलं.

निकाल आला तशी धावत गिरणीवर गेले. दारातूनच ओरडले, बाई, आय गॉट रिझल्ट, आय पास्ड. ट्रिंग. द रिझल्ट, बाई म्हणाल्या. पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा गिरणीवाल्याला पाठवला, आणि पुढच्या मुलीचा धडा सुरू केला. मला जरा वाईटच वाटलं. पाठीवरून हात तरी फिरवावा की नाही माणसानं? नंतर लक्षात आलं की पास होणं हे माझं काम होतं. त्यांचं काम अजून झालेलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी घातली, धपाटे घातले, आणि शालूच्या घडीतून बाटली काढून तीही घालायला निघाल्या. थंडीचा मुलूख हाय, असू दे, म्हणाल्या. मी म्हटलं, आई, तिकडं ढिगानं मिळते. तर मला म्हणतात, तिकडं मिळते ती दारू असंल, ही ब्रांडी हाय. मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि स्वयंपाकघरातल्या उघड्या फळीवर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. त्या थोड्या रुसल्या. पण ती तिथंच राहिली, नवऱ्यानं मला नंतर फोनवर सांगितलं.

आता मी तिकडच्या एका लहान गावच्या दवाखान्यात आहे. पहिली थंडी जाता जाता एक म्हातारे गृहस्थ भरती झाले. बाथरूममध्ये घसरलेले, खुब्याचं हाड मोडलेलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कळवळत होते तरी प्लीज आणि थँक यू सोडत नव्हते. शेजारी त्यांची बायको, पर्स मांडीवर धरून ताठ बसलेली. कागद आधीच्या पाळीच्या नर्सनं भरला होता. दारूच्या रकान्यात नाही असं लिहिलेलं. मी सवयीनं पुन्हा विचारलं, तर ती बाई जरा दुखावल्यासारखी म्हणाली की हे आयुष्यात कधी पबमध्ये गेलेले नाहीत.

मला एकदम लातूर दिसलं. मी कधी न पाहिलेला तो दवाखाना, आणि रागावलेल्या बाई.

मी कागद खाली ठेवला. तिच्या शेजारी बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अँड व्हेअर डू यू कीप द ब्रँडी?"

तिनं क्षणाचाही विचार केला नाही. हात असा उजवीकडं गेला, जणू ती स्वतःच्या घरातच उभी आहे. म्हणाली, ओह, द ब्रँडी इज इन द एअरिंग कबर्ड, बिहाइंड द टॉवेल्स. इट्स ओन्ली फॉर हिज चेस्ट, डिअर.

टॉवेल-चादरी उबदार ठेवायच्या कपाटात, टॉवेलांच्या मागं, आणि फक्त त्यांच्या छातीसाठी. ग्लास केवढा, रोज का, कधीपासून, हे तिच्याकडून हळूहळू काढलं. कपाटातले टॉवेल बाजूला करावेत तसं सगळं निघालं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि हातांची थरथर बघत राहायला सांगितलं. थरथर आली, पण मुंग्या आल्या नाहीत. हाड बसलं. काही दिवसांनी ते गृहस्थ काठी टेकत, बायकोच्या दंडाला धरून, थँक यू थँक यू करत घरी गेले. मी दारापर्यंत गेले होते.

मग बाहेरच्या बाकावर बसून नांदेडला फोन लावला. तिथं संध्याकाळ होती, क्लास भरलेला, मागं गिरणीची घरघर. मी बाईंना सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत, ओरडून ओरडून. इकडचे लोक वळून बघून राहिले, बघू द्या म्हटलं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

मग म्हणाल्या, "बाटलीला 'अ' म्हणाली का 'द'?"

"द, बाई."

"आणि माणूस?"

"चालत घरी गेला."

आणि मग फोनवर घंटी वाजली. मी मनातल्या मनात सगळी वाक्यं पुन्हा तपासली. माझं काही चुकलं नव्हतं.